चायना मोबाईल आणि आजोबांचा अर्धा फोटो

गेल्या दिवाळीत घरी, म्हणजे कोल्हापूरला गेलो होतो. दिवाळीत घरी गेलेल्या आयटीवाल्याचं काय होतं हे तुम्हाला माहीत असेलच. पहिल्या दिवशी लाड, दुसऱ्या दिवशी "तेवढा प्रिंटर बघ जरा", आणि तिसऱ्या दिवशी माळा आवरायला शिडीवर! तर त्या माळ्यावर, आईच्या शिलाई मशीनच्या रिकाम्या खोक्यात, मला आमचा जुना चायना मोबाईल सापडला.

माझ्या वयाच्या मंडळींना चायना मोबाईल म्हणजे काय हे सांगायला नको. तरी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन सिम, सोबत फुकट दुसरी बॅटरी, टोचायला काडी, ओढून लांब करायची टीव्हीची एरियल, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा स्पीकर. मागच्या बाजूला पाच-सहा भोकं, त्यातली निम्मी स्पीकरची आणि उरलेली शोभेची. वर नाव असं की लांबून वाचलं तर 'नोकिया' आणि जवळून वाचलं तर 'नोकला'. आमच्या फोनवरचं नाव केव्हाच घासून गेलंय. बाबांनी तो २००९ मध्ये आणला तेव्हा मी सहावीत होतो आणि आठवडाभर शाळेत मीच राजा होतो :)

फोन खाली आणला तसे बाबा म्हणाले, "ह्यात अण्णांचा फोटो होता. तुझ्याबरोबरचा. रंकाळ्यावरचा." थोडं थांबून म्हणाले, "तूच डिलीट केला होतास."

मला आठवत होतं. फोनचं मेमरी कार्ड दुकानात गाणी भरायला दिलं होतं, म्हणून त्या दिवशीचे फोटो फोनच्या आतल्या मेमरीत गेले. ती मेमरी एवढीशी. दोन दिवसांनी मला मित्राकडून ब्लूटूथवर एक रिंगटोन घ्यायची होती. 'मेमरी फुल'. मी फोटो उडवले. रिंगटोन कुठली होती हेही आता आठवत नाही.

आजोबा २०११ मध्ये गेले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट) आणि आमच्या शाहूपुरीतल्या घरात तळमजला पाण्याखाली गेला. कपाटातल्या अल्बमांचा लगदा झाला. आजोबांचा आज घरात एकच फोटो आहे, भिंतीवरचा, ओळखपत्रावरून मोठा केलेला, ज्यात ते कुणावर तरी रागावल्यासारखे दिसतात. त्यामुळे बाबांचं ते वाक्य मला चांगलंच लागलं. मी म्हटलं, काढतो परत. इंजिनियर आहे ना मी!

आणि इंजिनियरने पहिली गोष्ट केली ती म्हणजे चूक. फोन चार्ज करून चालू केला.

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो. पंचेचाळिशीचा माणूस, डोळ्याला भिंग, पुढ्यात हॉट एअर गन. त्याला सगळं सांगितलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "चालू केला हुतास?" म्हटलं, हो. "आरं भावा, कशाला? फोन चालू झाला की आपल्या मनानं आत लिहीत बसतोय. तुजा फोटो जिथं हाय तिथंच लिहिलं म्हंजे?"

नंतर वाचन केलं तेव्हा कळलं की डिजिटल फॉरेन्सिकचा हा पहिला धडा आहे. जप्त केलेला फोन चालू असेल तर त्याला नेटवर्कपासून तोडायचं, बंद असेल तर बंदच ठेवायचा, आणि मूळ वस्तूवर काम न करता तिच्या प्रतीवर करायचं. रिपेअरवाल्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. हातातून शेकडो फोन गेले की कळतं. तिथून मी ह्या विषयात घुसलो तो पुढचे तीन-चार वीकेंड बाहेरच आलो नाही.

आधी हे फोन आले कुठून ते बघू. चिनी भाषेत त्यांना 'शानझाई' म्हणतात. शब्दशः अर्थ डोंगरातला गड, म्हणजे सरकारला न जुमानणाऱ्या बंडखोरांचा अड्डा. (पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हा शब्द लगेच जवळचा वाटतो.) पूर्वी मोबाईल बनवणं हे नोकिया, मोटोरोलासारख्या बड्या कंपन्यांचं काम होतं, कारण रेडिओ, चिप, सॉफ्टवेअर सगळंच स्वतः करावं लागायचं. मीडियाटेक ही तैवानची कंपनी १९९७ साली यूएमसी ह्या चिप कंपनीतून वेगळी निघाली. आधी सीडी-डीव्हीडी ड्राईव्हच्या चिप करायची, मग मोबाईलकडे वळली. तिने चिपबरोबर सर्किटचा आराखडा आणि जवळजवळ तयार सॉफ्टवेअरही द्यायला सुरुवात केली. म्हणजे रेडीमेड इडलीचं पीठ. शेनझेनमधल्या एखाद्या छोट्या कारखान्याने फक्त डबा, बटणं आणि स्पीकर लावायचे की फोन तयार. त्यात २००७ मध्ये चीनने मोबाईल बनवायच्या परवान्याची अट काढून टाकली. शेनझेनच्या हुआचिआंगबेई बाजारातून हे फोन जगभर निघाले. त्यातलाच एक मुंबईमार्गे आमच्या घरी पोचला.

आता ह्यात पोलिसांची काय अडचण? अडचण नावाची होती. प्रत्येक मोबाईलला आयएमईआय नावाचा १५ आकडी नंबर असतो. *#०६# दाबलं की दिसतो. पहिले आठ आकडे कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल ते सांगतात, पुढचे सहा त्या हॅण्डसेटचा अनुक्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीचे चौदा बरोबर आहेत की नाही हे तपासण्यासाठी. हा नंबर तपासात किती कामाचा असतो ह्याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. २६/११ च्या दहशतवाद्यांकडे नोकियाचे साधे हॅण्डसेट होते. ते चीनमधल्या कारखान्यात बनून पाकिस्तानात पाठवले गेले होते हे आयएमईआयवरून शोधता आलं, आणि ते खटल्यातही पुढे आलं. सिम बदलता येतं, नाव खोटं सांगता येतं, पण अस्सल कंपनीच्या दप्तरात त्या डब्याचा जन्मदाखला असतो.

चायना मोबाईलला जन्मदाखलाच नव्हता. काहींचा आयएमईआय म्हणजे नुसती शून्यं, काहींचा भलत्याच कंपनीचा चोरलेला, आणि एकच नंबर हजारो फोनवर. मोबाईल कंपनीला अमुक आयएमईआय कुठल्या टॉवरवर दिसला असं विचारलं तर एकाच वेळी चार राज्यांतून उत्तर यायचं. म्हणून दूरसंचार खात्याने असे फोन नेटवर्कवरून बंद करायचे आदेश काढले. मुदत पुढे ढकलत ढकलत शेवटी ३० नोव्हेंबर २००९ ही तारीख ठरली. तेव्हा पेपरमध्ये अडीच कोटी फोन बंद होणार असे अंदाज छापून येत होते. अडीच कोटी लोकांनी काही गुन्हा केला नव्हता, त्यांना फक्त अस्सल फोन परवडत नव्हता. म्हणून १९९ रुपये भरून फोनमध्ये खरा आयएमईआय घालून घ्यायची अधिकृत सोयही निघाली.

आणि अनधिकृत सोय तर गल्लोगल्ली होतीच! माझ्या आठवणीत आहे, बाबांनी फोन एका दुकानात दिला आणि अर्ध्या तासात 'नंबर मारून' परत आणला. कुठला नंबर, कुणाचा, ह्याची चौकशी कुणी करत नव्हतं. आता दिवाळीत मी *#०६# दाबून त्याचे पहिले आठ आकडे तपासले. आमच्या दोन सिमवाल्या, एरियलवाल्या फोनने स्वतःची ओळख एका नामांकित कंपनीचं एक सिमचं साधं मॉडेल म्हणून सांगितली. म्हणजे आमचा फोन गेली कित्येक वर्षं दुसऱ्याच्या नावावर जगत होता. आज असं करणं महागात पडेल. २०१७ मध्ये आयएमईआय बदलण्याविरुद्ध नियम आले आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. चोरीचा फोन आयएमईआयवरून बंद करायची केंद्रीय यंत्रणाही आली, जी २०१९ मध्ये महाराष्ट्रापासून सुरू झाली आणि २०२३ मध्ये देशभर पोचली.

तर असा हा नावगाव नसलेला फोन तपासासाठी प्रयोगशाळेत आला तर त्यातून फोटो काढायचे कसे? अस्सल फोनसाठी तयार साधनं असतात. यादीतून मॉडेल निवडा, केबल लावा, माहिती काढा. पण नकली फोन यादीत असणार कसा? वर लिहिलंय एक आणि आत आहे भलतंच. केबल जोडावी तर चार्जिंगच्या भोकातल्या पिनांचा क्रमसुद्धा प्रत्येकाचा वेगळा. काही वर्षं तपासयंत्रणांची ह्या फोनपुढे पंचाईतच होती. पुढे हाँगकाँग विद्यापीठातल्या लोकांनी शानझाई फोनच्या फ्लॅश मेमरीतून पुरावे कसे काढायचे ह्यावर २०१२ च्या सुमारास शोधनिबंध लिहिला. फॉरेन्सिक साधनं बनवणाऱ्या सेलब्राईट ह्या इस्रायली कंपनीने तर खास चिनी चिपवाल्या फोनसाठी 'चायनेक्स' नावाचा वेगळा संच काढला.

गंमत म्हणजे ह्यातली मूळ युक्ती रिपेअरवाल्यांकडे आधीपासूनच होती. वर म्हटलं तसं वरचे डबे हजार असले तरी आतली चिप दोन-चार कंपन्यांचीच, मीडियाटेक किंवा स्प्रेडट्रम. आणि प्रत्येक चिपमध्ये एक मागचं दार असतं. फोनचं सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आधी चिप क्षणभर केबलवर कुणी बोलतंय का ते ऐकते. त्याच दाराने कारखान्यात सॉफ्टवेअर भरतात, त्याच दाराने दुकानदार 'फ्लॅश मारतात', आणि त्याच दाराने आतली सगळी मेमरी जशीच्या तशी बाहेरही वाचता येते. ह्याला डंप म्हणतात. तेही जमलं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे मेमरीची चिपच गरम हवेने उचकटून वेगळ्या रीडरवर वाचायची.

राजारामपुरीच्या त्या माणसाने धूळ खात पडलेला एक जुना बॉक्स काढला, पिना शोधायला वीसेक मिनिटं घालवली, आणि फोन चालू न करता त्या मागच्या दाराने मेमरी वाचली. १६ एमबी. आज व्हॉट्सॲपवरचा एखादा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ ह्याहून मोठा असतो! मी दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही फायलींचा हॅश काढून ताडून बघितला. जुळला. (हॅश म्हणजे फाईलवरचं लाखेचं सील समजा. आत एक बिट जरी बदललं तरी सील वेगळं दिसतं.) त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "फोटो सापडला तर दाखवायला ये."

आता मुख्य प्रश्न. मी २०१० मध्ये उडवलेला फोटो अजून तिथे असेलच कसा?

दोन कारणं. एक म्हणजे ह्या फोनमध्ये फॅट नावाची जुनी फाईल सिस्टिम असते. तिच्यात फाईल डिलीट केली की यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून एक खूण केली जाते आणि 'ही जागा मोकळी' अशी नोंद होते. बस. चाळीतल्या खोलीवरची पाटी काढली, पण भाडेकरू आतच आहे. नवा भाडेकरू येईपर्यंत तो तिथेच राहतो.

दुसरं कारण फ्लॅश मेमरीचं. ही मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका ह्यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिची एक खोड आहे. तिच्यावर लिहिणं म्हणजे शाईने वहीत लिहिणं. एक शब्द खोडून त्याच जागी दुसरा लिहिता येत नाही. खोडायचं तर आख्खं पान कोरं करावं लागतं, आणि पानं ठराविक वेळाच कोरी होतात, मग झिजतात. म्हणून फोन काय करतो, मजकूर बदलला की तो दुसऱ्या पानावर नव्याने लिहितो आणि जुन्या पानावर 'रद्द' असा शेरा मारतो. जुनं पान कोरं करायचं काम अगदी गळ्याशी आल्यावर. त्यामुळे एकाच गोष्टीच्या दोन-तीन जुन्या प्रती मेमरीत लोळत पडलेल्या सापडतात. तोटा असा की पानं क्रमाने नसतात. फोनला त्यांचा क्रम माहीत असतो, तुम्हाला तो उलगडून काढावा लागतो.

आणि म्हणूनच एक उलटा न्याय दिसतो. आजच्या महागड्या फोनमध्ये डिलीट केलेला फोटो 'रिसेंटली डिलीटेड'मधूनही गेला की बहुतेक वेळा गेलाच. कारण आत सगळं एन्क्रिप्टेड असतं. अँड्रॉईडवर तर २०१९ च्या आवृत्ती १० पासून सगळ्या नव्या फोनना ते सक्तीचं आहे. वर हे फोन रिकामी पानं आपणहून कोरी करत राहतात. आमच्या चायना मोबाईलला कुलूप नव्हतं आणि घर झाडायची सवयही नव्हती. नाव खोटं, पण स्मरणशक्ती चांगली :)

मग मी शोधायला बसलो. जेपेग फोटोची सुरुवात ठरलेल्या दोन बाइट्सने होते, एफएफ डी८, आणि शेवट एफएफ डी९ ने. यादीकडे दुर्लक्ष करून नुसत्या ह्या खुणा शोधत जायचं, ह्याला कार्व्हिंग म्हणतात. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम हेच करतो. पण पानांचा क्रम विस्कटलेला असल्याने त्याने दिलेले फोटो म्हणजे रंगीत पट्ट्यांची गोधडी होती. दोन वीकेंड घालवून एक पायथॉन स्क्रिप्ट लिहिली, पानांच्या कोपऱ्यातले आकडे वाचून ती क्रमाने लावली, आणि पुन्हा शोधलं.

नऊ फोटो निघाले. त्यातले सहा एका लग्नातले होते.

आमच्या घरातल्या कुठल्याच लग्नातले नाहीत. नवरा-नवरी अनोळखी, हॉल अनोळखी, पंगतीतलं एकही तोंड ओळखीचं नाही. एक फोटो नवरीचा, आरशासमोर, अर्धवट तयार झालेली, कुणीतरी घरच्याच बाईने हसत हसत काढलेला. मी पटकन ती विंडो बंद केली. आपण कुणाच्या तरी घरात चुकून शिरलो असं वाटलं.

बाबांना फोन केला. बराच वेळ पलीकडून काही नाही. मग म्हणाले, "अरे, तो सेकंडहॅण्ड होता. नवा अडीच हजाराला होता, हा मला अकराशेला मिळाला. तुम्हाला नवा म्हणून सांगितला."

मला हसू आलं आणि लगेच पोटात गोळाही आला. कारण विचार करा. हा फोन जर कुठल्या तपासात जप्त झाला असता, आणि ते सहा फोटो लग्नाऐवजी दुसऱ्या कशाचे असते तर? फोन बाबांच्या खिशात सापडला. सिम बाबांच्या नावावर. फोटो फोनमध्ये, डिलीट केलेले, म्हणजे 'लपवायचा प्रयत्न'! आधीचा मालक शोधायचा तर आयएमईआय हा एकच धागा, आणि तो खोटा. फोटोची तारीख बघावी तर तीही निरुपयोगी. बॅटरी काढली की ह्या फोनचं घड्याळ मूळपदावर जायचं, त्यामुळे नऊच्या नऊ फोटोंवर जानेवारी २००४ होतं. फोटो सापडला हे शंभर टक्के खरं, पण कुणी काढला, कधी काढला, कुणी उडवला, ह्यातलं काहीच तो फोटो सांगत नाही. आणि मी तर फोन आधी चालू केलेला. माझ्या चालू करण्याने आत काय बदललं हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

आपल्या कायद्याला हे शिकायला बराच वेळ लागला. आयटी कायदा २००० साली आला, त्याच्याबरोबर पुरावा कायद्यात कलम ६५ब आलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत कोर्टात द्यायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली ह्याचं प्रमाणपत्र जोडा, असं ते कलम. ते खरंच सक्तीचं आहे का ह्यावर सुप्रीम कोर्टाचीच उत्तरं बदलत गेली. २००५ मध्ये नसलं तरी चालेल, २०१४ मध्ये हवंच, २०१८ मध्ये कधी कधी सूट. शेवटी हा गुंता सुटला तो आपल्या जालन्याच्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर जालन्यातून २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल ह्यांचं म्हणणं, अर्ज मुदतीनंतर भरला होता. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. प्रमाणपत्र मात्र मागूनही अधिकारी देईनात. १४ जुलै २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकाने साक्ष दिली तर प्रश्न नाही, पण प्रत देणार असाल तर प्रमाणपत्र हवंच. आणि संबंधित माणूस ते देत नसेल तर कोर्टाकडून मागवा.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलचा हॅश लिहायला रीतसर जागाच आहे, आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ नेण्याची तरतूदही टप्प्याटप्प्याने आणायची आहे. कोल्हापुरातही आता सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा आहे.

हे सगळं आधी मला कागदी घोडे वाटायचं. सील, पंचनामा, प्रमाणपत्र, दोन-दोन सह्या. फोटो सापडला ना, मग बास की! आता तसं वाटत नाही. फोटो काढणं हे हुशारीचं काम आहे, ते राजारामपुरीतला माणूस धुळीतल्या बॉक्सने करू शकतो. पण त्या फोटोवर विसंबून एखाद्याला तुरुंगात घालायचं तर फोन हातात आल्यापासून त्याला कोण कोण शिवलं, काय केलं, ह्याची साखळी पाहिजे. ती साखळी गुन्हेगाराला पकडायला जितकी लागते, तितकीच अकराशे रुपयांना सेकंडहॅण्ड फोन घेणाऱ्या माझ्या बाबांसारख्या माणसाला वाचवायलाही लागते. नकली फोन वापरणारे बहुतेक लोक असेच होते.

ते सहा फोटो मी उडवले. नुसते डिलीट नाही, वर शून्यं लिहून. डंपमधूनही आणि फोनमधूनही. आता खरोखर नाहीत. त्या नवरीला आता मुलं शाळेत असतील, तिला हे कधी कळणारही नाही, आणि तेच बरं.

उरले तीन. एक माझ्या अंगठ्याचा. एक पूर्ण काळा. आणि तिसरा रंकाळ्यावरचा.

तो अर्धाच आहे. जेपेगमध्ये चित्र वरून खाली साठवलेलं असतं, आणि खालच्या अर्ध्या भागाच्या पानांवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. रिंगटोन असेल, किंवा मी परवा फोन चालू केला तेव्हाचं काही असेल. आता सांगता येत नाही. वर संध्याकाळचं आभाळ आहे, मागे शालिनी पॅलेसचा मनोरा पुसटसा, मग आजोबांची टोपी, कपाळ, डोळे. ते हसतायत हे डोळ्यांवरून कळतं. शेजारी माझे तेल लावून चप्प बसवलेले केस. त्याखाली राखाडी.

पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा प्रिंट काढून नेली. बाबांनी चष्मा लावून बघितली. मी म्हटलं, बाबा, तारीख २००४ ची दिसतेय आणि खालचं काही आलं नाही, म्हणजे हा तोच फोटो हे पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. बाबा म्हणाले, "टोपी बघ की. उजवीकडं कलती. अण्णाच हायत." एरवी ते माझ्याशी असं बोलत नाहीत.

घरच्यांना तेवढं पुरतं. कोर्टाला पुरू नये.

असो. प्रिंट रिपेअरवाल्यालाही दाखवून आलो, कबूल केलं होतं म्हणून. त्याने भिंग लावून बघितली आणि म्हणाला, "आधी चालू केला नसतास तर हसताना सगळं तोंड गावलं असतं." खरं असेल, नसेलही. तुमच्या माळ्यावर असा एखादा फोन असेल आणि त्यात कुणी अडकून पडलेलं असेल, तर एवढंच सांगतो: चार्जर शोधू नका.